ताटावरून उठणे

आमच्या घरात बापानं कसं वागावं हे एका जपानी मालिकेमुळे ठरलं, असं मी सांगू लागलो की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. त्याचं काही चुकत नाही. जालन्यात बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाचा जपानशी संबंध यावा तो मनगटावरच्या घड्याळापुरता, किंवा शेजाऱ्याच्या मोटरसायकलपुरता. पण झालं ते असं.

तोवर जालना बी-बियाण्यांचं, लोखंडी सळयांचं आणि मोसंबीचं गाव होतं. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही परगावच्या पाहुण्यांना ऐकवत असू आणि पाहुणे आजूबाजूला बघून गप्प बसत. अशात २०११ साली आमच्या जालन्याच्या विजय झोलनं महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून खेळताना आसामविरुद्ध कूचबिहार करंडकाच्या सामन्यात नाबाद ४५१ धावा ठोकल्या. चारशे एक्कावन्न! आमच्या शाखेत सुटीनंतरच्या सोमवारीसुद्धा एवढी टोकनं जात नाहीत. पुढच्या वर्षी १९ वर्षांखालच्या भारतीय संघानं ऑस्ट्रेलियात विश्वचषक जिंकला, त्या संघातही हा पोरगा होता. झालं! गावातल्या तमाम बापांनी आपापल्या मुलांकडे नव्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. पाळण्यात पाय दिसतात म्हणतात. आम्हांला पॅड दिसू लागले.

आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे होते. मी कॉमर्सचा माणूस. भांडवल पडून राहिलेलं मला बघवत नाही. रविवारी पहाटे पोराला उठवून मी मैदानावर नेऊ लागलो. तो डोळे चोळत गोलंदाजी करायचा, मी चेंडू आणून द्यायचा. व्यायाम बराच झाला, पण तो मला.

याच सुमारास, २३ डिसेंबर २०१२ च्या रविवारी, कलर्स वाहिनीवर 'सूरज : द रायझिंग स्टार' ही कार्टून मालिका सुरू झाली. मुंबईच्या झोपडपट्टीतला सूरज नावाचा मुलगा, त्याला क्रिकेटचा तारा करायला निघालेला कडक बाप, मायाळू बहीण. आम्ही दोघे मैदानावरून घामाघूम परत यायचो आणि टीव्हीसमोर बसायचो. मी बाप पाहायचा, तो चेंडू पाहायचा.

नंतर पेपरात वाचलं की हे प्रकरण मुळात क्रिकेटचं नाहीच. १९६६ साली जपानमधल्या एका साप्ताहिकात 'क्योजिन नो होशी' नावाची चित्रकथा सुरू झाली. लिहिणारे इक्की काजिवारा, चित्रं काढणारे नोबोरू कावासाकी. टोकियोच्या जायंट्स या बेसबॉल संघातून एके काळी खेळलेला, आता मजुरी करणारा बाप पोराला त्याच संघाचा तारा करायला निघतो, अशी ती कथा. १९६८ मध्ये ती टीव्हीवर आली ती १८२ भाग चालली. पुढे १९७७ आणि १९७९ मध्ये तिचे नवे अवतार निघाले. आपल्याकडे एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वकिली चालते, तशी त्यांच्याकडे ही मालिका चाललेली. कोदान्शा या प्रकाशन संस्थेतले योशिआकी कोगा हे गृहस्थ भारतात हिंडले, आणि त्यांना वाटलं की साठ सालच्या सुमाराचा आपला जपान जसा धडपडत वर येत होता, तसाच आजचा हा देश आहे. मग आपली जुनी गोष्ट इथं का रुजू नये? जालन्याच्या माणसाला हे चटकन समजतं. बियाणं चांगलं असलं तरी आधी जमीन पाहावी लागते.

जमीन पाहिल्यावर त्यांनी खतावणी मांडली. बेसबॉल नावे, क्रिकेट जमा. टोकियो नावे, मुंबई जमा. मूळच्या टोकियो मूव्हीवाल्यांच्या जोडीला हैदराबादची डीक्यू एंटरटेन्मेंट आली. हे ऐकून आमचे अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. आपल्याकडं सगळं हैदराबादहूनच यायचं." अण्णांचं बालपण निजामाच्या अमलात गेलं होतं. खर्चाला सुझुकी, निसिन, विमानवाले निप्पॉन अशा जपानी कंपन्या होत्या. त्यांत कोकुयोही होती, जिनं २०११ मध्ये आपल्या दांडेकरांची कॅम्लिन ताब्यात घेतली होती. म्हणजे ज्या कॅम्लिनच्या कंपासपेटीत मी चिंचा लपवल्या, तीही हिंडून फिरून या कटात सामील होतीच.

मालिकेत चेंडू एकदा हातातून सुटला की लवकर पोचत नसे. मध्ये गोलंदाजाला सगळं बालपण आठवायचं, फलंदाज मनात बोलायचा, बापाच्या डोळ्यांत ज्वाळा दिसायच्या. पूर्वी बाहेरगावचा चेक वटायला जेवढा वेळ लागे तेवढा एका चेंडूला. मी एकदा कुरकुरलो, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, चेंडू हवेत असला की त्यांना चित्रं कमी काढावी लागतात. बघा ना, नुसत्या मागच्या रेषा पळताहेत. बोलतानाही फक्त तोंड हलतंय, बाकी चित्र तेच."

मी चमकलो. सेकंदाला २४ चौकटी, एक चित्र तीन चौकटी टिकवायचं म्हटलं तर सेकंदाला ८ चित्रं. वीस मिनिटांच्या भागाला ९,६०० आणि सव्वीस भागांना २,४९,६००. एवढी चित्रं हातानं काढायची म्हणजे चेंडू हवेत ठेवावाच लागणार. हिशोब मी आनंदानं केला. पोरगा चेंडूकडे नाही, चित्राकडे बघतोय, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. हातचा एक विसरायची सवय जुनी आहे.

मूळ कथेतला बाप पोराच्या अंगात स्प्रिंगांचं एक यंत्र घालतो. शाळेत, जेवताना, सदा अंगात. हात हलवायचा तर स्प्रिंग ताणूनच. त्यानं म्हणे दंडात बळ येतं. हिंदुस्थानात हा छळ वाटेल म्हणून स्प्रिंगांऐवजी सायकलच्या ट्यूबा आल्या. स्प्रिंगा असत्या तर मी बिचकलो असतो. पण ट्यूब! सोमवारी संध्याकाळीच मी सायकलवाल्याकडे गेलो.

"कोणत्या सायकलला?" त्यानं विचारलं.

"सायकलला नाही, मुलाला."

त्यानं हवा भरायचा पंप खाली ठेवला आणि पैसे आधी मागितले.

चिरंजीवांच्या खांद्यावरून, काखेतून, पाठीवर गाठ अशी मी ट्यूब बांधली. त्यांनी उजवा हात ताणला. ट्यूब सुटली. माझा चष्मा न्हाणीघरापर्यंत गेला. आई बाहेर आली आणि म्हणाली, "पोरगं आहे की एस्टीच्या टपावरचं गाठोडं?" अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला. अण्णा अंबडच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या पेपर वर धरण्यात पुष्कळ मजकूर असे.

मग तो भाग आला. जपानी बाप रागावला की 'चाबुदाई', म्हणजे ज्याभोवती जमिनीवर बसून जेवतात ते बुटकं टेबल, जेवणासकट उलथून टाकतो. पण अन्न लाथाडणारा बाप आपल्याकडे चालायचा नाही, हे जपान्यांना कळलं. म्हणून आमच्या सूरजच्या बापानं टेबल उलथलं तेव्हा त्यावर जेवण नव्हतं, नुसते पेले होते. केवढा विचार! फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशोबात आली नव्हती. तो २०१३ चा दुष्काळ होता. जालन्याच्या नळाला पाणी येणं हा सणासारखा प्रसंग होता. टँकर गल्लीत शिरला की घरोघरचे हंडे त्याच्या आधी पोचत. पेले कलंडले आणि आई ओरडली, "अगं बाई! पाणी सांडलं की मेल्यानं!"

"दुष्काळ नसेल त्यांच्याकडं," अण्णा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. हसता हसता मी सांगून गेलो, की मूळ जपानी कथेत टेबल उलथण्याचा प्रसंग एखाददुसऱ्या वेळीच येतो, पण मालिकेच्या शेवटी नावं येत तेव्हा मागं तेच चित्र दर आठवड्याला दिसे. त्यामुळे सगळ्या जपानला वाटतं, हा बाप रोजच टेबल उलथायचा. यावर अण्णा हसले नाहीत. उठून ओट्यावर गेले. मीही गप्प झालो, कारण मला आमच्या घरातला तसा एक प्रसंग आठवला.

अण्णांना मी सी.ए. व्हायला हवा होतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला निकाल लागला त्या रात्री आम्ही पंगतीला बसलो होतो. भाकरी, पिठलं, ठेचा. "अकाउंट्सला किती?" अण्णांनी विचारलं. "अठ्ठावीस," मी म्हणालो. शंभरांपैकी, हे सांगायची गरज नव्हती. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठले.

एवढंच. शब्द नाही, हात नाही. जपान्यांना हे कुणी सांगायला हवं होतं. मराठी बाप ताट उलथत नाही, ताटावरून उठतो. अन्नाचा अपमान होत नाही, सगळा पोराचा होतो. सांडत काही नाही, त्यामुळे पुसताही येत नाही. मी त्या रात्री जेवलो नाही. अण्णा पुन्हा कधी तसे उठले नाहीत, पुढं मी पासही झालो, बँकेत लागलो. पण नावं येताना दिसावं तसं ते चित्र पंधरा वर्षं माझ्या मागं दिसत राहिलं.

एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरासाठी मुलांची निवड होती. चिरंजीवांनी सहा चेंडू टाकले. दोन वाइड, एक स्वतःच्याच पायावर, आणि एक इतका उंच की मूळ मालिकेत त्याचे दोन भाग सहज निघाले असते. मी बँकेतून घरी आलो, जेवायला बसलो, तेव्हा ते पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "बाबा, मला नाही घेतलं." आणि वर, "बरं झालं."

बरं झालं! पहाटे पाचचे ते रविवार, ती ट्यूब, तो चष्मा सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी घास ताटात ठेवला. हात जोडले. आणि उठलो.

"खाली बस," अण्णा म्हणाले.

"भूक नाही मला."

"मलाही नव्हती तेव्हा. रात्री अकराला स्वैपाकघरात जाऊन दोन भाकरी खाल्ल्या. विचार तुझ्या आईला."

"दोन कुठल्या, तीन," आई म्हणाली. "आणि याच्यासाठी झाकून ठेवलेलं पिठलंही संपवलंत."

मी उभाच. पंधरा वर्षं ज्या उपाशी बापाचं ओझं मी वाहिलं, तो बाप तीन भाकरी खाऊन झोपला होता! बँकेच्या भाषेत सांगायचं तर मी नसलेल्या कर्जाचं व्याज भरत होतो.

"तू जेवला होतास ना त्या रात्री?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

अण्णा बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. "मला वाटलं," ते म्हणाले, "पिठलं उरलंय म्हणजे तुझं जेवून झालं असेल." मग त्यांनी आपल्या ताटातली अर्धी पोळी माझ्या ताटात ठेवली. मास्तरांना माफी मागायची सवय नसते. मी खाली बसलो.

"आजी," चिरंजीव म्हणाले, "मला अजून एक वाढ."

मालिका सव्वीस भागांनी संपली. विजय झोल २०१४ मध्ये १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार होऊन विश्वचषकाला गेला. त्या दिवशी मी पेढे वाटले, दुसऱ्याच्या मुलाचे वाटण्यात निराळाच निवांतपणा असतो. अण्णा आता नाहीत. ट्यूब आहे, स्कूटरच्या कॅरिअरला गव्हाचं पोतं बांधायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

चिरंजीव पुण्यात एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढतात. ही चित्रं हलत नाहीत, त्यामुळे एक काढली की भागतं. परवा फोनवर नोकरी बदलण्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात तिकडून आवाज आला, "बाबा, जेवून घ्या. आजीला विचारीन मी."

मी जेवलो. मग राग विसरून पुन्हा फोन केला आणि विचारलं, सध्या कशाचं चित्र चाललंय.

"स्प्रिंगचं," तो म्हणाला.