सिग्नल पडला

मिठबावला आगगाडी नाही. गजबादेवीच्या देवळापाशी उभे राहिले तर समोर अरबी समुद्र, खाली पुळण आणि पाठीमागे माडबागा. गाडीची शिटी ऐकायची हौस असली तर कणकवली गाठावी. बरे, कोकण रेल्वे १९९८ साली रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग सुरू झाली तीच मुळी रंगीत दिव्यांचे सिग्नल घेऊन. खांबावरचा लोखंडी हात या मुलखाने पाहिलाच नाही. तरी त्याच्याविषयी लिहायला मी मिठबावलाच बसलो आहे, कारण पडवीत आप्पा बसले आहेत.

आप्पा माझे थोरले काका. 'रेल्वेत असतात' एवढेच आम्ही मुले शाळेत सांगत असू आणि ऐकणाऱ्याने स्टेशनमास्तर अशी समजूत करून घेतली, तर ती दुरुस्त करीत नसू! घाटावरच्या एका स्टेशनात ते केबिनमध्ये लिव्हर ओढीत. त्यात विचारण्यासारखे काही असेल असे मला, मराठीचा मास्तर होऊन लोकांना शब्दांचे अर्थ सांगू लागल्यावरही, कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षी बहिणीकडे लंडनला गेलो होतो. तिथून गाडीने वीसेक मिनिटांवर सेंट ऑल्बन्स लागते. स्टेशनालगत १८९२ सालची केबिन आहे. तिच्या अंगावरून आजही गाड्या धडधडत जातात, पण तिला विचारून नव्हे. मोडकळीला आलेली ही वास्तू हौशी मंडळींनी २००३ पासून रंग खरवडून, लाकूड बदलून, तेलपाणी करून उभी केली आणि २००८ मध्ये लोकांना उघडून दिली. पगार कोणाला नाही. वेल्समधली टॅलिलिन नावाची अख्खी आगगाडीच १९५१ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालते, तिथे केबिनचे नवल ते काय!

जिना चढून वर गेलो. चकचकीत लिव्हरांची रांग : तांबडे सिग्नलचे, काळे सांध्याचे, निळे सांधा जखडणाऱ्या खिळीचे. मी उत्साहाने एकाला हात घातला, तोच एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी तो अलगद बाजूला करून माझ्या मुठीत फडके दिले. घामाने पोलाद गंजते म्हणे. मग ओढले, तर लिव्हर जागचा हलेना! खालचा सांधा बरोबर बसल्याशिवाय वरचा सिग्नल देताच येत नाही. लिव्हरांची ही आपसांतली अडवणूक सॅक्सबी नावाच्या इंग्रजाने १८५६ साली बसवली. ती सक्तीची व्हायला मात्र १८८९ साल उजाडले. त्या वर्षी आयर्लंडात आर्मा येथे चढावर सोडवून ठेवलेले डबे मागे घरंगळले, मागून येणाऱ्या गाडीवर आदळले आणि ऐंशी माणसे दगावली. मग कायदा झाला.

चतुर्थीला गावी आलो तेव्हा आप्पांना हे सांगितले. ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले.

"फडको घेतलंस मा हातात?"

मी चकितच झालो. मग आप्पा सुटले. उन्हात सिग्नलची तार लांबते, लिव्हर पुरा ओढला तरी हात अर्धाच लोंबतो. पहाटे तीच तार आखडते. किती ताणायची ते त्यांच्या मनगटाला कळे. "थंय हात पडता की चढता?" त्यांनी विचारले. इंग्लंडात दोन्ही तऱ्हा आहेत. आपल्याकडचा बहुधा पडे; म्हणून तर आपण 'सिग्नल पडला' म्हणतो. हा अर्थ वर्गात सांगायचे मला आजवर सुचले नव्हते.

"आणि तार तुटली तर?"

आप्पांनी विहिरीवरच्या जुन्या लाटेकडे बोट केले. पंप बसल्यापासून ती नुसतीच उभी आहे. पण एका टोकाला बांधलेला धोंडा अजून तसाच आहे.

"वजन असा मरे! हात आपसूक आडवो जाता. चूक झाली तर गाडी थांबाक व्हयी, सुटाक नको."

इतक्यात चिरंजीवांनी अंगणातली पहार आणली आणि ओढायचे कसे म्हणून विचारले. आप्पा उठले. खांद्यावरचा पंचा पहारीभोवती गुंडाळला, एक पाय पुढे रोवला.

"आधी काळो," ते म्हणाले, "मगे निळो. तांबड्याक इतक्यात हात लावू नको."