मेण, मीठ आणि जलरंग

आमचे चित्रकलेचे सर वर्गांत एक गोष्ट वारंवार सांगतात: जलरंगाच्या चित्रांत पांढरा रंग नळींतून काढावयाचा नसतो, तो कागदावर आधींच राखून ठेवावयाचा असतो. जलरंग पारदर्शक असल्यामुळें कागदाची शुभ्रता त्यांतून झळकते, व हीच त्यांची खरी शोभा. विन्सर आणि न्यूटन या लंडनच्या रंगवाल्यांनीं 1834 सालीं जस्ताचा पांढरा रंग विक्रीस आणला, तेव्हांपासून पुष्कळ चित्रकारांनीं तो वापरला. परंतु सरांच्या मतें ती पळवाट होय. दाखल्यासाठीं ते सांवळाराम हळदणकरांच्या एका चित्राची प्रत दाखवितात. हातांत दिवा घेऊन त्याची ज्योत दुसऱ्या हातानें झांकणाऱ्या तरुणीचें हें चित्र 1945-46 च्या सुमाराचें असून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे. बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड केवळ जलरंगांनीं साधला आहे, हें पाहून कोणाचीहि मान लवेल.

माझीहि लवली होती. पण गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत माझ्यापुढें आमच्या घरचा माग आला.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागांत राहतों. घरीं तेलुगू बोलतों आणि आजोबांना ताता म्हणतों. ताता ज्या खड्डामागावर चाळीस वर्षें बसले, तो गड्ड्याच्या यात्रेपूर्वीं काढून टाकावा व त्या खोलींत शिलाईचीं यंत्रें बसवावीं, असें थोरल्या काकांनीं ठरविलें. त्यांत कोणाचा दोष नव्हता; हातमागावर आतां घर चालत नाहीं. ताता कांहीं बोलले नाहींत. मीं मात्र मनांत घेतलें कीं माग जाण्यापूर्वीं त्याचें चित्र करावयाचें. चांगले जाड कागद तीनच होते.

सकाळीं नऊच्या सुमारास छपरांतील कांचेच्या कौलांतून ऊन आंत येतें. तें ताण्यावर पडलें कीं शेंकडों उभीं सुतें एकदम उजळतात, आणि कापसाची बारीक कूस त्या उन्हांत तरंगूं लागते. भोंवतालची खोली काळोखी. चित्र होतें तें एवढेंच.

पहिल्या कागदावर मीं सरांच्या शिकवणीप्रमाणें सुतें कोरीं राखूं लागलों. दोन सुतांमधील फट कुंचल्यानें रंगवावयाची, व असें शेंकडों वेळां! दुपारपर्यंत ताण्याचें कुंपण झालें. दुसऱ्या कागदावर आधीं काळोख रंगवून वरून पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या. त्या पाटीवरील खडूप्रमाणें वर बसल्या; ऊन कोठेंच दिसेना. ताता मागें येऊन उभे होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी म्हणाले, "हें सूत नव्हे रे, ही दोरी. आणि खळ कोणी नंतर देतो का?"

विणकऱ्याच्या मुलाला खळ म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं, पण इतर वाचकांसाठीं सांगतों. ताण्याचें सूत मागावर चढविण्यापूर्वीं पिठाच्या खळीनें माखून वाळवितात, म्हणजे तें फणींत घांसून तुटत नाहीं. विणावयास बसल्यावर खळ देतां येत नाहीं. ताता सहज बोलले असतील. पण रात्रभर तें वाक्य माझ्या डोक्यांतून जाईना. जें नंतर लावतां येत नाहीं तें आधीं लावावयाचें, असें माझ्या चित्रांत काय आहे?

शाळेंत नाताळला मिळालेल्या मेणबत्तीचा तुकडा घरांत होता. त्याला चाकूनें धार काढली आणि शेवटच्या कागदावर पट्टी धरून मेणाच्या रेघा ओढल्या. पांढऱ्यावर पांढरें, त्यामुळें काय ओढलें तें दिसतच नाहीं. कागद तिरपा धरून चमक पाहावी लागते, आणि चुकलेली रेघ खोडतां येत नाहीं. मग निळा व तपकिरी रंग भरपूर पाण्यांत कालवून वरून एकच हात फिरविला. मेणावर पाणी ठरत नाहीं. रंग दोन्हीं बाजूंस सरकला आणि कागदाच्याच पांढरेपणानें सुतें एकामागून एक उजळलीं. मीं एकटाच होतों, तरी मोठ्यानें ओरडलों.

कुसेसाठीं मीठ वापरलें. ओल्या रंगावर मिठाचे कण टाकले कीं ते भोंवतालचें पाणी शोषतात व तेथें फिकट चांदण्या उमटतात. परंतु वेळ साधली पाहिजे. कागदाची ओली चकाकी मावळूं लागली असतांनाच मीठ टाकावें. आधीं टाकल्यास तें विरघळतें, उशीर झाल्यास कांहींच होत नाहीं. वरच्या कोपऱ्यांत मीं घाई केली. तेथें ढगासारखा डाग पडला आहे. मातीच्या भिंतीसाठीं रंगांत थोडी खळ कालवली व तो ओला असतांनाच फणीच्या मोडक्या तुकड्यानें ओढला. भिंत हुबेहूब आली, पण या खळीला कसर लागते; चित्र कांचेंत बसवावें लागलें.

मला वाटत होतें, ही युक्ति माझीच. पुढें कळलें कीं 1940-41 सालीं लंडनवर बाँब पडत असतां भुयारी रेल्वेच्या फलाटांवर निजलेलीं माणसें हेन्री मूर यांनीं मेणाच्या खडूवर जलरंग फिरवूनच चितारलीं. आणि लंडन तरी कशाला? आपल्यापासून शंभर किलोमीटरांवरील विजापुरांत आदिलशाहीच्या काळीं पाण्यावर तरंगत्या रंगांतून कागदावर उठविलेली अब्री व कुंचल्याचें काम एकाच चित्रांत सांधीत. सुमारें 1625 सालचें, हाडें निघालेल्या घोड्याचें असें एक विजापुरी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे.

सरांनीं माझें चित्र खिडकीशीं नेऊन पाहिलें. "बरें आहे," ते म्हणाले, "पण याला जलरंग म्हणूं नकोस." मीं वाद घातला नाहीं. मेण व मीठ हातीं आल्यावर जो तो उगाच चांदण्या पाडीत सुटतो. त्यानंतर महिनाभर मीहि प्रत्येक आभाळावर मीठ टाकलें, आणि तीं सर्व चित्रें रद्दींत गेलीं.

कांचेंत बसविण्यापूर्वीं तें चित्र तातांच्या मांडीवर ठेवलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ नेलें नाहीं. बोटानें चांचपूं लागले. मेणाचा उंचवटा हाताला लागतो, हें माझ्या ध्यानींच आलें नव्हतें. डावीकडून उजवीकडे एकेक सूत मोजावें तसें त्यांचें बोट चाललें आणि मधेंच थांबलें.

"इथें एक तुटलें आहे," ते म्हणाले. "सांध."

पट्टी घसरून मेणबत्ती उडाली होती ती जागा. मी म्हणालों, "ताता, आतां नाहीं सांधतां येत. रंग बसला."

त्यांनीं बोट पुन्हां एकदां तेथें फिरविलें, आणि कागद परत दिला. माग पुढच्या आठवड्यांत निघाला.