मुंबई-नागपूर : विमानाचे अंतर आणि आपले अंतर

मुंबईहून नागपूर किती लांब, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण रेल्वेचा आकडा सांगतील : ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो २०२५ साली पूर्ण खुला झाला, पण त्याची सुरुवात भिवंडीजवळच्या आमणे गावापासून. विमानाच्या वाटेने हेच अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते.

हा फरक का पडतो? रेल्वेला जमीन सोडता येत नाही. कसारा घाट चढायचा तर जादा इंजिन लागते. मग इगतपुरी, नाशिक, मनमाड, जळगाव करीत गाडी भुसावळला जाते आणि तिथून अकोला, बडनेरा, वर्धामार्गे नागपूर गाठते. विमानाला घाट नाही, जंक्शन नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, तसे हे अंतर मोजतात.

मी पेशाने कारकून. हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या कल्याणच्या वस्तीतील एका ताईंना सकाळीच नागपूरहून फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत. संध्याकाळच्या गाडीने गेल्या असत्या तर तेरा-चौदा तास, म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता. विमानाचा हिशेब मांडला. विमानतळापर्यंत दोन तास, तिथे आधी पोहोचावे लागते त्याचे दोन तास, उड्डाण दीड तास, उतरल्यावर दवाखान्यापर्यंत अर्धा तास. एकूण सहा तास आणि त्यातले आकाशातले फक्त दीड!

अडचण पैशाची होती. ऐन वेळचे तिकीट महाग पडते. भाडे काही किलोमीटरवर ठरत नाही. ताई चार घरची धुणीभांडी करतात, भाऊजी वॉचमन. आमच्या मंडळाची अडीअडचणीची पेटी उघडली, उरलेले चार शेजाऱ्यांनी घातले. "गरिबाला विमान कशाला?" असेही एक-दोघे म्हणाले. ताई संध्याकाळी पोहोचल्या. वडिलांनी लेकीला ओळखले, तिचा हात हातात घेतला. पहाटे ते गेले. त्या वेळी रात्रीची गाडी अकोल्याच्या आसपास असते.

ताईंनी ती रक्कम दहा हप्त्यांत फेडली. त्याच पैशातून पुढे दुसऱ्या एका घराची नड भागली.

विमान चैनीसाठी नव्हे, पण नडीच्या वेळी आपल्यालाही वर्ज्य नाही. त्यासाठी दोन गोष्टी करून ठेवाव्यात. घरातील प्रत्येकाचे फोटोचे ओळखपत्र हाताशी असावे, कारण त्याशिवाय विमानतळात प्रवेश नाही. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, हेही ध्यानात ठेवावे. आणि प्रत्येक वस्तीत महिन्याला घरटी थोडे थोडे जमा करून अशी पेटी उभी करावी. आपल्या माणसांपर्यंतचे अंतर त्या पेटीनेच कमी होते.