हत्तीखान्यातला ग्रुप फोटो

मुलांनो, बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला जयंती नदीकाठी हत्तीखाना आहे. खडकात कोरलेली लेणी! अंगणात दगडी हत्ती, आत खांबांच्या रांगा आणि अंधार. सहलीचा फोटो मात्र सगळ्यांना आतच हवा असतो!

फ्लॅशचा उजेड लांब जाताना भराभर विरतो. दोन मीटरवर जेवढा पडतो, त्याच्या चौथाईच चार मीटरवर. म्हणून पुढची पोरं पांढरीफटक, मागची काळोखात गडप. घरी आई बिचारी फोटोत आपलं लेकरू शोधत बसते! तेव्हा पुढच्यांनी खाली बसावं, मागच्यांनी त्यांना अगदी खेटून उभं राहावं. आणि माझं ऐकाल तर सरळ अंगणात, हत्तींपाशी या. तिथं दिवसाउजेडी फ्लॅश लागतच नाही. हत्तीवर चढायचं मात्र नाही हं!