खाचेतला गंज

वैतरणा स्टेशनावर उतरलं की खाडीची खारी हवा अंगाला लागते. भरतीच्या वेळी आमच्या खिडकीचे गज हाताला चिकट लागतात, आणि नवं बिजागर वर्ष पुरं व्हायच्या आत तांबूस होतं. या हवेत लोखंड टिकवायचं तर त्याच्या मागेच लागावं लागतं. माझे बाबा जन्मभर तेच करत आले. रेल्वेच्या पुलांच्या गँगमध्ये ते खलाशी होते. सफाळ्याच्या बाजूला ९२ आणि ९३ नंबरचे पूल आहेत, तिथले गर्डर खरवडायचे आणि रंगवायचे, हे त्यांचं काम.

निवृत्तीच्या आधी त्यांनी जुनी मारुती ८०० घेतली, १९९८ चं मॉडेल. विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली. तोवर रात्री-अपरात्री विरारला दवाखान्यात जायचं म्हणजे गाडीसाठी दारोदार फिरावं लागे. या मारुतीने आमच्या आळीतल्या दोन बाळंतिणी वेळेत पोचवल्या आहेत. त्यामुळे ‘आता भंगारात दे’ असं कुणी म्हटलं की मला ते लागतं.

बाबा गेले त्या वर्षी गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहिली. दसऱ्याला चालू केली तर बॉनेटखालून अशी किंचाळली की शेजारी बाहेर आले. गॅरेजवाल्याने अल्टरनेटरचा बेल्ट बदलून दिला. दीड महिन्यात त्याच्या कडा उसवल्या आणि इंजिनभर रबराचा काळा भुगा पसरला. दुसरा बेल्ट टाकला, त्याचीही तीच गत. तेव्हा मी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि पुलीच्या खाचेत बोट फिरवलं. खाच पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली.

या इंजिनात एकच बेल्ट तीन पुल्यांवरून फिरतो: क्रँकची, वॉटर पंपाची आणि अल्टरनेटरची. बेल्टचा काप पाचरीसारखा असतो. तो खाचेच्या तळावर टेकत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींत रुतून पकड घेतो. म्हणजे सगळा भार त्या दोन भिंतींवर. त्यांच्यावरच गंज चढला तर पुली बेल्टला कानशीसारखी घासत राहते. उलट खाचेचा तळ चकचकीत दिसला, तर बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट तळाला लागतोय असं समजायचं. माझ्या पुल्यांचे तळ काळेच होते. पुल्या वाचण्यासारख्या होत्या.

पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट ताठ असतानाच ढिले करायचे, नाहीतर बेल्ट काढल्यावर पुली पान्याबरोबर फिरत बसते. मला हे आधी ठाऊक नव्हतं. बेल्ट काढून झाल्यावर पुन्हा चढवावा लागला. एक बोल्ट तरीही हलेना. जोर लावला असता तर मुंडी तुटून हातात आली असती. रात्रभर त्यावर रॉकेल सोडत राहिलो, सकाळी हातोडीने हलके टोले दिले, तेव्हा तो ‘कट्’ करून सुटला. क्रँकच्या पुलीपर्यंत हात पोचेना म्हणून त्या बाजूचं पुढचं चाक काढलं. अल्टरनेटरची पुली मी जागेवरच ठेवली. तिचा नट काढायला घरात साधन नव्हतं.

दोन्ही पुल्या आधी तारेच्या ब्रशने घासल्या, मग प्लास्टिकच्या टबात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवल्या. सकाळी पाणी शाईसारखं काळं झालं होतं आणि गंज अंगठ्याने निघत होता. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतल्या, म्हणजे आम्ल आत राहत नाही. धुतलेलं उघडं लोखंड आमच्या हवेत दहा मिनिटांत पुन्हा पिवळं पडतं, म्हणून कढत पाण्यातून काढून लगेच पुसल्या आणि गॅसजवळ शेकल्या. बायकोने स्वयंपाकघर दोन तास माझ्या ताब्यात दिलं.

रंगाच्या बाबतीत बाबांचं एकच सांगणं असे: गंजावर रंग चढवलात तर गंज आतून खातो आणि वरून तुम्हाला बरं वाटत राहतं. ते पुलावर एक ठिपका राहिला तरी पुन्हा खरवडायला लावत. मीही त्या वीतभर पुलीवर तसाच बसलो, बोल्टच्या भोकांच्या कडांसह. खाचेत रंग जाऊ द्यायचा नव्हता, कारण तिथला रंग बेल्टखाली सोलतो आणि बेल्ट घसरतो. यावर सोपा उपाय हाताशीच होता. फाटलेला बेल्ट कापून खाचेत बसवला. त्याच्यासाठीच घडवलेली खाच ती, फट उरलीच नाही. पुली जिथे पंपाला टेकते तो भागही चिकटपट्टीने झाकला. तिथे रंगाचा जाड थर राहिला की तो दबतो आणि बोल्ट ढिले होतात. डिसेंबरचं दव वाळल्यावर, अकराच्या उन्हात, रेड ऑक्साइडचा एक पातळ हात आणि त्यावर काळ्या एनॅमलचे दोन मारले.

खाचेच्या भिंती बारीक पाणीपेपरची पट्टी दुमडून साफ केल्या. अल्टरनेटरच्या तोंडावर फडकं बांधून त्याच्या पुलीला जागेवरच, हाताने फिरवत तेच केलं. काम चालू असताना पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसला. पंप गळत होता. पुली उतरवली नसती तर इंजिन तापल्यावरच कळलं असतं. पंपही बदलला.

नवा बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर हलेल इतका ताणला. चावी फिरवली. किंचाळणं गेलं.

खाचेच्या त्या भिंतींना रंग नाही, तेल नाही. बेल्ट वरचेवर फिरत राहिला तरच त्या उजळ राहतात. म्हणून मी पावसाळ्यातही दर दोन दिवसांनी गाडी स्टेशनापर्यंत नेऊन आणतो. या गोष्टीला आता तीन पावसाळे झाले, बेल्ट तोच आहे. खाडीकाठी जुनी गाडी ठेवणाऱ्यांना एकच सांगणं: बेल्ट ओरडला तर नवा आणायच्या आधी इंजिन बंद करून पुलीच्या खाचेत बोट फिरवून बघा.