कोणतं फ्रेमवर्क, आणि कोणासाठी?

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. हापिसचं काम घरी आणलं होतं, आणि खोटं कशाला बोला, मजाही येत होती.

तर झालं असं. एका जिल्ह्याच्या गावच्या सहकारी बँकेचं कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं काम आमच्या टीमकडे आलं. आहे ते सॉफ्टवेअर २००६ सालचं. तेव्हा मी चौथीत होतो! बॉस म्हणाला, "तीन पर्याय घे, तुलना कर आणि दोन आठवड्यांनी एका पानाची नोट दे. कुठल्या फ्रेमवर्कमध्ये करायचं ते तू सांग." नोकरीला लागून सहा वर्षं झाली, पण "तू सांग" हे पहिल्यांदाच ऐकलं. छाती दोन इंच फुगली.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रेमवर्क म्हणजे मंगल कार्यालय. मांडव, वीज, पाणी, भांडी सगळं त्यांचं. तुम्ही फक्त लग्न आणायचं. पण मग नियमही त्यांचेच. हॉल किती वाजता रिकामा करायचा आणि केटरर कोणता, हे तेच सांगणार. जावात डेटाबेस, लॉगिन, व्यवहार अर्धवट राहिला तर तो मागे फिरवणं, असली सगळी कामं फ्रेमवर्क करतं. आपण फक्त कर्जाचे नियम लिहायचे.

माझे तीन पर्याय होते: स्प्रिंग बूट, क्वार्कस, आणि वाइल्डफ्लाय सर्व्हरवर थेट जकार्ता ईई.

आता यांची वंशावळ. १९९९ च्या डिसेंबरात सनने जेटूईई आणलं. त्यातल्या ईजेबी नावाच्या प्रकाराने लोकांना रडवलं. एक साधं काम करायला दोन इंटरफेस, एक क्लास आणि वर हातभर एक्सएमएल! रॉड जॉन्सन नावाच्या माणसाने २००२ मध्ये पुस्तक लिहून हे सगळं सोपं करता येतं असं दाखवलं, सोबत चालणारा कोडही दिला. त्यातूनच स्प्रिंग जन्मलं आणि २००४ मध्ये त्याचं १.० आलं. जेटूईईचा हिवाळा संपला, आता वसंत, असा त्या नावाचा अर्थ. २००६ मध्ये ईजेबी ३ आलं, ते बरंच सुधारलेलं होतं, पण तोवर गाडी स्टेशनातून सुटली होती. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं आणि एक्सएमएल जवळजवळ गेलंच. २०१९ मध्ये रेड हॅटने क्वार्कस आणलं. त्याची युक्ती अशी की जी जुळवाजुळव स्प्रिंग प्रोग्राम सुरू होताना करतं, त्यातली बरीचशी क्वार्कस बिल्ड करतानाच उरकून टाकतं. त्यामुळे ते चटकन सुरू होतं आणि मेमरी कमी खातं.

मला कोणतं आवडलं असेल ते सुज्ञांस सांगणे न लगे.

पहिल्या शनिवारी तिन्हींत तोच छोटा प्रोग्राम लिहिला: कर्जाचा अर्ज घ्या, हप्ता काढा, डेटाबेसमध्ये टाका. माझ्या लॅपटॉपवर स्प्रिंग बूट सुरू व्हायला चारेक सेकंद, क्वार्कसला दीडच्या आसपास. मग क्वार्कसचा नेटिव्ह प्रकार केला, म्हणजे जावाचं व्हर्च्युअल मशीनच नको, थेट चालणारी फाईल. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू! मी एकटाच खोलीत "आयला!" म्हणून ओरडलो. ती फाईल तयार व्हायला मात्र पाच मिनिटं लागली आणि लॅपटॉप इतका तापला की त्यावर पोळी भाजली असती. शिवाय बँकेचे रिपोर्ट छापणारी जुनी लायब्ररी त्यात चालेना. ती ऐनवेळी नावावरून क्लास शोधते, आणि नेटिव्हमध्ये कोणते क्लास लागतील ते आधीच सांगून ठेवावं लागतं. पण प्रेमात असताना असल्या गोष्टी दिसत नाहीत. नोटमध्ये मी त्याला "किरकोळ अडचण" म्हटलं.

रविवारी एक्सेल काढलं. वेग आणि मेमरीला ४० टक्के वजन. पुढची दिशा, आधुनिकता वगैरेला ३०. मानकांशी सुसंगतता २०. आणि "शिकायला सोपं, माणसं मिळणं" याला १०. बेरीज केली तर स्प्रिंग बूट दोन गुणांनी पुढे! असं कसं? मग वेगाचे ४० होते त्याचे ४५ केले, माणसांचे १० होते त्याचे ५. क्वार्कस पहिलं आलं. समाधानाने चहा केला.

हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं तेच सांगतो. माझ्या रेझ्युमेवर स्प्रिंग बूट आहेच. क्वार्कस नव्हतं.

पुढच्या गुरुवारी बॉसबरोबर त्या गावी गेलो. बँकेचा सर्व्हर म्हणजे एक थंडगार छोटी खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आत गणपतीचा फोटो. सिस्टीम सांभाळणारे एक साहेब, पन्नाशीचे, आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा. दोघांवर सगळी बँक.

जुनं सॉफ्टवेअर बघितलं. आत स्ट्रट्स १, आणि त्यावर ते बनवणाऱ्या कंपनीतल्या कुणीतरी स्वतःच बेतलेलं एक फ्रेमवर्क! डॉक्युमेंटेशन शून्य. व्हेरिएबलची नावं एक-एक अक्षराची. स्ट्रट्स १ तर २०१३ मध्येच अधिकृतपणे बंद झालं. बंद फ्रेमवर्क वापरत राहणं म्हणजे नंतर सापडलेली भोकं कुणी बुजवणार नाही. आणि बुजवणारा असला तरी आपण ती दुरुस्ती लावायला हवी. २०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली ती स्ट्रट्सच्याच पुढच्या अवतारातल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती न लावलेल्या एका सिस्टीममधून मे महिन्यात चोर शिरले.

मी जरा तोऱ्यात विचारलं, "सर, हे असलं फ्रेमवर्क कुणी निवडलं?"

साहेब हसले. "तुमच्यासारखाच एक हुशार मुलगा होता हो. फार मन लावून केलं त्यानं. तेव्हा ते लई भारी होतं म्हणे. मग तो गेला अमेरिकेला." त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. लांबट, हिशेबाची असते तशी. पानापानावर तारीख, आलेली एरर, आणि काय केल्यावर ती गेली ते. वही सतरावी होती.

"मार्चअखेरीला इथंच झोपतो," ते म्हणाले. मग एकदम माझ्याकडे वळून, "तुम्ही जे काय नवीन करताय ते करा साहेब. फक्त तुम्ही गेल्यावर माझ्या या पोराला गुगल करून उत्तर सापडेल असं करा."

वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस मला साहेब म्हणत होता आणि माझ्या बॅगेत ते एक्सेल होतं. त्यात या पोराला मी पाच टक्के दिले होते.

परतीच्या प्रवासात फार बोललो नाही. सर्व्हर किती वेळा रीस्टार्ट होतो हे साहेबांना विचारलं होतं. "दोन-तीन महिन्यांतनं एकदा." म्हणजे माझे ते वाचवलेले अडीच सेकंद वर्षाला पाच-सहा वेळा कामी येणार. पंधरा सेकंद झाले की हो! त्यासाठी मी पंचेचाळीस टक्के ठेवले होते.

गैरसमज नको. क्वार्कस चांगलंच आहे. लोड वाढला की क्लाउडवर धडाधड नवीन कंटेनर उभे करायचे असतील, किंवा मेमरीच्या प्रत्येक जीबीचं बिल येत असेल, तर ते दीड सेकंद म्हणजे पैसा. तिथे मी आजही तेच सुचवीन. पण हा प्रश्न त्या बँकेचा नव्हता, माझा होता.

आणि स्प्रिंग बूट म्हणजे काही धुतल्या तांदळासारखं नाही. त्याच्या एकेका आवृत्तीला फुकट सपोर्ट साधारण वर्षभर, म्हणजे दरवर्षी अपग्रेडचा खर्च धरायचाच. मालकही बदलत गेले: २००९ मध्ये व्हीएमवेअर, २०१३ मध्ये पिव्होटल, २०१९ अखेर परत व्हीएमवेअर, २०२३ पासून ब्रॉडकॉम. मानक घेतलं म्हणून निश्चिंत, असंही नाही. जावा ईई ओरॅकलने एक्लिप्सला दिलं, पण 'जावाएक्स' हे नाव पुढे वापरू दिलं नाही, म्हणून २०२० मध्ये सगळ्या पॅकेजची नावं 'जकार्ता' झाली. २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ ने तीच नावं आणि जावा १७ सक्तीचं केलं. आमच्या आधीच्या प्रोजेक्टवर एका शुक्रवारी संध्याकाळी मी ऐटीत सगळीकडे शोधा-आणि-बदला केलं. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' जावाच्याच घरचं, त्याचं नाव बदललेलंच नाही, हे कळायला रात्रीचे अकरा वाजले.

थोडक्यात, कुठलंही कार्यालय घ्या, एक दिवस सामान हलवायची वेळ येणारच. मग दोनच गोष्टी आपल्या हातात: सामान सुटसुटीत बांधलेलं असावं, आणि हलवणाऱ्याला रस्ता सापडावा.

म्हणून दुसऱ्या वीकेंडला नोट पुन्हा लिहिली. स्प्रिंग बूट. व्याज, हप्ता, दंड, थकबाकी हे सगळे नियम साध्या जावात, त्यांत फ्रेमवर्कची एकही खूण नाही, म्हणजे उद्या ते उचलून दुसरीकडे नेता येतील. डेटाबेससाठी हायबरनेट, जे क्वार्कसमध्येही चालतं आणि वाइल्डफ्लायमध्येही. वर्षातून एकदा अपग्रेडचे दिवस करारातच. आणि शेवटच्या महिन्यात तो बँकेतला मुलगा आमच्या टीममध्ये बसून कोड लिहील, आम्ही फक्त बघू.

सोमवारी बॉसला नोट दिली आणि पहिलं एक्सेलही दाखवलं, ४० चे ४५ कसे झाले त्यासकट. तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, मी २००८ मध्ये असंच एक एक्सेल केलं होतं. तो क्लायंट आजही फोन करतो." आणि हसला. पण हसण्यासारखं काही नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

रेझ्युमेचं म्हणाल तर क्वार्कसची ओळ अजून रिकामीच आहे. शनिवार-रविवार आहेत की, घरच्या लॅपटॉपवर करीन काहीतरी. तिथे रात्री झोपमोड झाली तर माझीच होईल.

येत्या मार्चअखेरीला मात्र ते साहेब घरी झोपतात का, ते बघायचंय. झोपले तर इथे नक्की लिहीन.