सासूबाईंच्या पिशवीचं वजन

मुलुंडच्या एका मोठ्या दुकानातल्या, गिऱ्हाइकानं स्वतःच बिल करायच्या यंत्रास,



गेल्या शनिवारी संध्याकाळी मी आणि माझ्या सासूबाई महिन्याचं सामान भरायला आलो होतो. माणसांच्या काउंटरांपैकी दोनच उघडी होती आणि रांगा तेलाच्या डब्यांपर्यंत गेल्या होत्या. आईंचे गुडघे दुखत होते. तुझ्यासमोर कुणी नव्हतं, म्हणून तुझ्याकडे वळलो.

तू आधी मोबाइल नंबर मागितलास. भाषा विचारली नाहीस. रेल्वे स्टेशनवरचं तिकिटाचं यंत्र मराठीत बोलतं, एटीएमही बोलतं, मग तुलाच का शिकवलं नाही? नंबर न देता पुढे जायचं बटण खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत होतं, ते मला शोधावं लागलं. नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलेलं आहे. ते बटण ठळक असायला हवं.

पाकिटं तू पटापट ओळखलीस. 890 नं सुरू होणाऱ्या तेरा आकड्यांवरच्या त्या काळ्या रेघा तुझ्या काचेवर धरल्या की टुक् आवाज येई. आईंना ते आवडलंसुद्धा. डाळीचं पाकीट त्यांनी हौसेनं स्वतःच्या हातानं धरलं. मग आली शेपूची जुडी. तिच्यावर रेघा नव्हत्या. तू पडद्यावर हिरव्या पाल्यांची बारीक चित्रं दाखवलीस, खाली इंग्रजी नावं. डोळे मिटून नुसत्या वासावरून शेपू ओळखणाऱ्या बाईला ‘डिल’ म्हणजे काय ते कसं कळावं? मलाही ते चित्र सापडायला वेळ लागला, आणि तोवर मागे माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांनी काही म्हटलं नाही. पण आईंनी जुडी परत टोपलीत ठेवली आणि म्हणाल्या, “राहू दे गं.”

त्यानंतर पिशवी. आईंच्या जुन्या इरकलीची, दुहेरी अस्तराची, त्यांनी स्वतः शिवलेली. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा त्यांनी अशा दहा पिशव्या शिवून इमारतीत वाटल्या होत्या. ती पिशवी त्यांनी तुझ्या ताटावर ठेवली आणि तुझा लाल दिवा लागला. तुझी रीत मी नंतर समजून घेतली. प्रत्येक वस्तूचं वजन तुझ्याकडे लिहिलेलं असतं. ती ताटावर ठेवली की वजन तेवढंच वाढलं का, हे तू बघतोस. जास्त भरलं तरी थांबतोस, कमी भरलं तरी थांबतोस. इरकलीचं वजन तुझ्या यादीत नव्हतं. म्हणजे सरकारनं सांगितलं म्हणून घरून कापडी पिशवी आणणाऱ्या बाईवर तुझा दिवा लागतो, आणि दुकानाची पिशवी विकत घेणाऱ्यावर लागत नाही.

मदतीला असलेली मुलगी धावत आली. तिच्याकडे तुझ्यासारखी चार यंत्रं होती आणि चारांपैकी दोन लाल होती. तिनं गळ्यातलं कार्ड टेकवलं, दिवा विझला, ती पुढच्या यंत्राकडे गेली. तीन वस्तूंनंतर तू पुन्हा थांबलास. ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला मी तिला विचारलं, बसायला मिळतं का? तिनं मान हलवली. पूर्वी ती काउंटरवर होती, तिथे एक स्टूल होतं. केरळनं 2018 साली आणि तमिळनाडूनं 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच हवी असा कायदा केला. तू आलास आणि तिचं होतं ते स्टूलही गेलं.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आईंनी बटव्यातून मोजलेल्या नोटा काढल्या. तू नोटा घेत नाहीस. त्यांनी त्या परत बटव्यात ठेवल्या आणि मी माझ्या फोनवरून पैसे दिले. त्यांच्या संसारात, त्यांच्यादेखत, त्यांच्या सामानाचे पैसे पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी दिले.

स्वतः राबायला आम्ही कुरकुरतो असं तू समजू नकोस. रेघांचं पाकीट दुकानात पहिल्यांदा वाचलं गेलं ते 1974 साली, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी. ते च्युइंगमचं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, गुढीपाडव्याला, बिंदुमाधव जोशींच्या पुढाकारानं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. भाववाढीचे, टंचाईचे दिवस. शेजारपाजारच्या घरांनी मिळून ग्राहक संघ करायचा, महिन्याची यादी भरून द्यायची, माल एका घरी उतरला की सगळ्यांनी मिळून वाटप करायचं. तिथे दुकान नाही, गल्ला नाही, नोकर नाही. आईंनी ते काम कित्येक वर्षं केलं. आमच्या बाहेरच्या खोलीत साखर, तूरडाळ, शेंगदाणे यांच्या राशी पडत आणि पाच-सहा बायका पदर खोचून मापं घालत. कुणाच्या वाट्याला मूठभर डाळ कमी गेली तर दुसरी आपल्यातून घालायची. हिशेब आई वहीत पैशापर्यंत लिहीत. गिऱ्हाइकानं स्वतः काम करायचं ते तिथेही होतंच. पण त्या कामामुळे जिन्नस स्वस्त पडे, आणि काम करणाऱ्या बाईवर सगळ्यांचा विश्वास असे. तुझ्यापाशी मी काम केलं, त्याचा एक रुपया बिलातून कमी झाला नाही. आणि विश्वास तर तुझ्या ताटावर ग्रॅममध्ये मोजला जातो.

दाराशी पहारेकऱ्यानं बिल घेतलं, आईंची पिशवी उघडली, आत हात घालून दोन वस्तू वर काढल्या, बिलाला भोक पाडलं. त्याला तसं सांगितलेलं असतं. त्याच्यावर माझा राग नाही. पण रिक्षात आई बराच वेळ गप्प होत्या. एलबीएस रोडच्या सिग्नलला म्हणाल्या, “त्यानं माझीच पिशवी का गं उघडली?” सगळ्यांचीच उघडतात, असं मी सांगितलं. ते खरंही आहे. त्यांचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही.

दुसरीकडे लोकांनी यावर विचार केलेला आहे. इंग्लंडच्या उत्तरेतल्या बूथ्स या दुकानांनी नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या 28 पैकी दोन सोडून बाकी सगळ्या शाखांतून तुझी भावंडं काढायचं जाहीर केलं. नेदरलँड्समध्ये युम्बो या साखळीनं 2019 साली एका दुकानात मुद्दाम सावकाश चालणारं काउंटर उघडलं. ज्यांना घाई नाही, दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांच्यासाठी. एकटी राहणारी म्हातारी माणसं तिथे जातात. आमच्या मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत मुलं पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी गेलेली किती घरं आहेत! सामान आणणं हेच तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं दिवसातलं बाहेर पडणं असतं.

तुला काढून टाका असं मी म्हणत नाही. ऑफिसातून येता येता दूध-ब्रेड घेणाऱ्याला तू सोयीचा आहेस. मला एक गोष्ट मात्र हवी आहे. चौथ्या वेळी दिवा लागला तेव्हा ती मुलगी आईंना म्हणाली, “आजी, आधी नुसती पिशवी ठेवायची, मी वजन शून्य करून देते.” तिनं कार्ड टेकवलं, एक बटण दाबलं, आणि पुढे तू एकदाही अडला नाहीस. म्हणजे घरच्या पिशवीचं बटण तुझ्यात आहे! ते तिच्या कार्डामागे कुलपात ठेवलेलं आहे. ते पहिल्या पडद्यावर आण, मराठीत लिही. आणि तिचं स्टूल तिला परत मिळू दे.

ते बटण दिसलं की आईंना पुन्हा तुझ्याकडे घेऊन येईन. तोवर आम्ही दोघी दोन नंबरच्या काउंटरच्या रांगेत आहोत. शेपू तिथेच घेऊ.

कळावे,
मुलुंड पूर्वेची एक गिऱ्हाईक